गुडघ्याची उपकारस्तुती

अर्धी कोलंबी सोलून टोपात पडली होती, अर्धी परातीत तशीच होती, आणि जेनिफरचा फोन आला. रविवार होता. आठच्या मिस्साहून येऊन मी साडीसुद्धा बदलली नव्हती, नुसता पदर खोचून बसले होते. हात कोलंबीचे, म्हणून कोपरानेच फोन पुढे ओढला, बोटाच्या मागच्या बाजूने बटण सरकवलं आणि तो कांद्याच्या टोपलीला टेकवून ठेवला.

जेनिफर माझी नणंद. जर्मनीत मानहाइमला हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळी संपवून घरी जाताना ती बसमध्ये आमच्या चर्चची मिस्सा मोबाईलवर बघते. कोरोनात फादरांनी यूट्यूबवर मिस्सा दाखवायला सुरुवात केली, ती अजून बंद झालेली नाही. वसईची जितकी माणसं बाहेर आहेत, दुबईला, इस्राएलला, कॅनडात, ती सगळी बघतात. पहिल्या बाकावर कोण बसलं आणि कोणाच्या मुलीने केस कापले हे आळीत कळायच्या आधी कॅनडात कळतं.

"वहिनी," ती म्हणाली. युनिफॉर्मवर जॅकेट घातलेलं, डोळे सुजलेले. "ॲनिशाचा गुडघा बरा झाला?"

"होतोय की हळूहळू," मी म्हटलं.

"हळूहळू नाही. फादर काय वाचत होते? 'ॲनिशा हिचा गुडघा पूर्ण बरा झाल्याबद्दल उपकारस्तुती, आजी फ्लॉसी आणि कुटुंबीयांकडून.' मी दोनदा मागे घेऊन ऐकलं. परवा ती मला म्हणाली, जिना चढवत नाही. मग कोण खोटं बोलतंय, देव की माझी मुलगी?"

मिस्साच्या सुरुवातीला त्या दिवशीचे हेतू वाचतात: अमक्याच्या आत्म्याला शांती, तमक्याच्या वाढदिवसाची उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार. आदल्या आठवड्यात चर्चच्या ऑफिसात जाऊन हेतू द्यायचा, रविवारी तो माईकवरून साऱ्या गावाला ऐकू जातो. हा हेतू माझ्या सासूबाईंनी दिला होता. मी चर्चमध्ये ऐकला तेव्हा मलाही नवीनच होता.

मी मान वर केली. ॲनिशा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात ओला टॉवेल. तीन महिने जो उजवा पाय ती जपून, टोकावर टेकवत होती, तो सरळ जमिनीवर रोवलेला होता. तिच्याही लक्षात आलं. तिने तो उचलून टोकावर ठेवला, मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली ठेवला.

"तिला सांग," फोनमधून आवाज आला, "जूनमध्ये पुढच्या वर्षीच्या संघासाठी टेस्ट आहे. पुढच्या रविवारचं तिकीट काढते. थोडे दिवस तरी बर्फावर मिळतील."

ॲनिशाला आळीत 'बर्फावरची पोरगी' म्हणतात. जन्म मानहाइमचा, पासपोर्ट जर्मनीचा, वय वीस. बाप ऑस्कर आगाशीचा, तिथे ट्रकच्या कारखान्यात आहे. घरात आमचीच बोली चालते, त्यामुळे पोरीचं मराठी ऐकलं तर वाटतं हिला वाडीतल्या पाटाच्या पाण्यावर वाढवलीय. पुस्तकातलं मराठी मात्र तिला वाचता येत नाही.

ती चार वर्षांची होती. जेनिफर रात्रपाळीहून यायची तेव्हा ऑस्करची पाळी सुरू व्हायची. आपण झोपलो तर पोर एकटी काय करील, म्हणून ती तिला जवळच्या बर्फाच्या स्केटिंग-रिंकवर घेऊन जायची. भाड्याचे बूट घालून पोरीला कठड्याला धरून उभी करायची आणि स्वतः बाकावर बसायची. एक दिवस बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. जाग आली तर पोरीने कठडा सोडलेला आणि ती रिंकच्या मध्यावर, दोन्ही हात पसरून उभी. जेनिफर ही गोष्ट सांगते तेव्हा म्हणते, देवाने मला त्या दिवशी दाखवलं. देवाने दाखवलं असेलही. मला त्या गोष्टीत बाकावर झोपलेली जेनिफर जास्त दिसते.

मग क्लब झाला, कोच झाली. शाळेच्या आधी बर्फ, शाळेनंतर बर्फ, त्यानंतर नाच. ऑस्कर अंधारात गाडी काढायचा आणि गाडीतच बसून राहायचा. जर्मनीच्या मोठ्या स्पर्धा नाताळच्या तोंडावर असतात, म्हणून त्यांच्या घरात कितीतरी वर्षं करंज्या झाल्या नाहीत. दोन-चार वर्षांतून एकदा मे महिन्यात ती सगळी इथे यायची. इतर पोरं भुईगावच्या समुद्रावर जायची, हिला परवानगी नसे. वाळूत पाय मुरगळला तर? ती आमच्या गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारायची. सासूबाई तिला चोरून केळ्याचे तळलेले फुगे खायला द्यायच्या आणि जेनिफर तिच्या ओठांवरचं तेल ओळखायची.

पंधराव्या वर्षी ती जर्मनीच्या ज्युनियर मुलींत तिसरी आली. तो फोटो आमच्या हॉलमध्ये येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी आहे, निळा झगा, गळ्यात पदक. लाल बल्बचा उजेड दोघांवर पडतो. मग ती मोठ्यांत गेली. एका वर्षी सातवी, पुढच्या वर्षी चौथी. चौथी आली तेव्हा आम्ही आळीत पेढे वाटले. तिकडे ती आठवडाभर कोणाशी बोलली नाही. पहिल्या तिघी वर उभ्या राहतात. चौथी खाली उभी राहून टाळ्या वाजवते.

मला यातलं काही कळत नव्हतं. बघून बघून थोडं कळायला लागलं. उडी मारायची, हवेत तीन फेरे घ्यायचे आणि एका पायावर, तेही उलटं, उतरायचं. फेरा पाव भाग जरी कमी पडला तरी परीक्षक व्हिडिओ सावकाश फिरवून बघतात आणि मार्क कापतात. संपलं की मुलगी कोचबरोबर एका बाकावर बसते. समोर कॅमेरा. मार्क पडद्यावर येईपर्यंत तिथे बसायचं आणि हसायचं. मी फोनवर तो बाक इतक्यांदा पाहिलाय की मला त्यावरच्या फुलांच्या कुंड्यासुद्धा पाठ आहेत. दर वेळी माझ्या मनात 'नमो मरिया' प्रार्थना चालू असायची, आणि दर वेळी पोर गालातल्या गालात काहीतरी चावत हसत असायची.

गेल्या डिसेंबरात शेवटच्या उडीला ती पडली. गुडघा आतल्या आत फिरला. ती उठली आणि उरलेला नाच तिने पूर्ण केला. संगीत चालू होतं ना. हात वर करून, हसून, वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन कोसळली. गुडघ्यातली गादी फाटली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ईस्टरपर्यंत पहिल्यासारखा होईल. सासूबाईंनी फोन केला: "पोरीला इकडे पाठव. तू नाईटला जानार, पोर एकटी भिंती बघत बसनार. मी तेल लावून बरी करते."

फेब्रुवारीत ती आली. बॅगेत जेनिफरने स्केटिंगचे बूट घातलेच होते. इथे बर्फ नाही तर बूट कशाला, असं माझ्या यजमानांनी, बर्नार्डनी, विचारलं. जेनिफर म्हणाली, "रोज थोडा वेळ घालून बसू दे. नाहीतर पाय बूट विसरतात." तेव्हा दुपारी पंख्याखाली, अंगातून घामाच्या धारा चालल्यात आणि पोरगी पायात पांढरे बूट घालून, पात्यांना प्लास्टिकची म्यानं चढवून खुर्चीवर बसलेली, असं दृश्य आम्ही रोज बघायचो. शेजारची प्रिस्का एकदा कढीपत्ता मागायला आली आणि दारातच थांबली.

"काय गं हे? पाय भाजले काय?"

"नाही मावशी, स्केटिंगचे बूट आहेत."

"मग भारतासाठी का नाही खेळत तू?"

"भारतात कुठे खेळू? फ्रीझरमध्ये?"

प्रिस्का हसली, पण जाताना विचारून गेलीच, "आणि गुडघा कसा आहे?"

सगळे तेच विचारायचे. मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर, मासेवालीकडे, रिक्षात. आमच्या माणसांचं प्रेम असं असतं, एकदा दुखणं कळलं की माणसाच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. मंगळवारच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेत गुडघा, संध्याकाळच्या जपमाळेत गुडघा, आजारी लोकांच्या आशीर्वादाला रांगेत गुडघा. सासूबाई रोज तिन्हीसांजेला खोबरेल कोमट करून तिचा पाय मांडीवर घ्यायच्या.

आणि मग त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंनी मागच्या अंगणात डोकावून पाहिलं, तर आळीतल्या पोरांत ॲनिशा लंगडी खेळत होती. डावा पाय वर धरलेला आणि त्याच उजव्या पायावर, ऑपरेशन झालेल्या, टणाटण उड्या मारत पोरांना बाद करत होती. सासूबाईंनी कोणाला हाक मारली नाही. क्रूसाची खूण केली, पायात चपला सरकवल्या आणि थेट चर्चच्या ऑफिसात गेल्या. लागोपाठ चार रविवारांचा हेतू देऊन आल्या. देवाचे आभार मानायला उशीर करू नये, असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं.

फोन बंद झाल्यावर ॲनिशा माझ्या समोर येऊन बसली. गुडघे दुमडून, सहज, मांडी घालून. परातीतली एक कोलंबी उचलून तिने डोकं मोडलं.

"कधीपासून बरा आहे?" मी विचारलं.

"ईस्टरच्या आधीपासून."

"आणि लंगडणं?"

"ते चालू ठेवलं." तिने काळा दोरा ओढून काढला. "मामी, तुला सांगू? इकडे आले ना, आठवडाभराने एक दिवस सकाळी जाग आली. पडून राहिले. काहीतरी कमी वाटत होतं. खूप वेळ कळेना काय. मग कळलं. पोटात गोळा आला नव्हता."

"म्हणजे?"

"रोज येतो. लहानपणापासून. डोळे उघडले की आधी पोटात गोळा, मग बाकीचं. मला वाटायचं सगळ्यांनाच येतो, जशी शी येते तशी." ती हसली. "इकडे आला नाही. मी म्हटलं, अजून थोडे दिवस."

मी म्हटलं, "आईला सांग मग."

"काय सांगू? नाईट करून तिने मला मोठी केली. पप्पा गाडीत बसून म्हातारा झाला. त्यांना सांगू की मला सकाळी बरं वाटतं म्हणून मी थांबते?"

एवढ्यात सासूबाई आल्या. चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांचं अभिनंदन घेऊन आलेल्या, चेहरा फुललेला. त्यांना सगळं सांगावं लागलं. त्या स्टुलावर बसल्या.

"म्हनजे मी तेल लावत होते तेव्हा पाय बरा होता?"

"हो आजी."

"मग बोलली का नाहीस?"

"तेल आवडायचं मला."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. रागाने की हसू लपवायला, ते त्यांनाच ठाऊक. थोड्या वेळाने म्हणाल्या, "देवाला मी खोटं नाही सांगितलं. बरा झालाय तर बरा झालाय." ते खरंच होतं. त्या एका खऱ्या वाक्याने पोर अडकली होती, आणि दोष द्यायला कोणी हाताशी नव्हतं.

सोमवारपासून घर बदललं. तिकीट आलं. जेनिफर दिवसातून तीनदा व्हिडिओ लावायची: उठाबशा दाखव, एका पायावर उभी राहून दाखव, गच्चीवर उडी मारून दाखव. फोन मी धरायचे. ॲनिशा हवेत दोन फेरे घेऊन सिमेंटवर उतरायची आणि फोनमधून आवाज यायचा, "खांदा उघडतेयस. परत." आळीतली पोरं गच्चीच्या जिन्यावर बसून टाळ्या वाजवायची. लंगडीला मात्र तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही. आता ती मोठी खेळाडू झाली होती.

सकाळी मी चहा घेऊन गेले की ती जागीच असायची, पोटावर हात ठेवून. मी खिडकी उघडायचे, ती म्हणायची, "थँक यू मामी," आणि उठायची. जेवणात ती भात मोजून घ्यायला लागली. सासूबाईंनी केळ्याचे फुगे केले, ते संध्याकाळपर्यंत ताटात तसेच राहिले.

बर्नार्ड या सगळ्यात गप्प होते. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेत, आता मागची वाडी बघतात, केळी आणि सोनचाफा. त्यांचं एकच म्हणणं, "इतक्या वर्षांची मेहनत आहे. वाया जाऊन चालणार नाही." पोरीसाठी आपणही काही करावं असं त्यांच्या मनात होतं, पण काय करावं ते कळत नव्हतं.

बुधवारी मी ॲनिशाला घेऊन माणिकपूरच्या बाजारात गेले. तिला वडिलांसाठी मसाला हवा होता आणि सुके बोंबील बांधून घ्यायचे होते. परत आलो तर ओट्यावर बर्नार्ड बसलेले, चेहऱ्यावर असं समाधान की जणू दहावीचा शंभर टक्के निकाल लागलाय. समोर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"उघड," ते ॲनिशाला म्हणाले. "बळीरामला बोलावलं होतं. तुझं काम करून घेतलं."

बळीराम आमचा धारवाला. सायकलवर चाक लावून येतो, आळीतले सगळे कोयते, विळ्या, कात्र्या त्याच्याकडे. माणूस कामाला प्रामाणिक. बर्नार्ड सांगू लागले, "आधी म्हणाला, गुरुजी, बुटाला सुरी? जर्मन लोक असं घालून फिरत असतील तर भांडणं लवकर मिटत असतील! मग पातं हातात घेऊन म्हणाला, हे तर मधे झिजून पन्हाळ पडलीय पार. किती वर्षं धार लावलेली नाही? चांगलं सपाट करून दिलंय बघ. आणि पुढे ते दाते होते ना, ते घासून गुळगुळीत केलेत. म्हणाला, पोरीला लागायचे. केळ्याची एक फणी दिली त्याला, खूश झाला."

ॲनिशाने कागद सोडला. पाती आरशासारखी चकाकत होती. तिने एक बूट उलटा धरला, पात्यावर नख आडवं ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मग दुसऱ्या पात्यावर फिरवलं. मग बूट मांडीवर ठेवून ती दात्यांच्या जागी अंगठा घासत राहिली.

"धार छान लागलीय ना?" बर्नार्ड म्हणाले.

ती ओरडली. जर्मनमध्ये. त्या भाषेत ती आमच्या घरात कधी बोलली नव्हती. सासूबाई आतून माळ हातात घेऊन बाहेर आल्या. शब्द कळत नव्हते, पण आवाज असा होता की समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. बर्नार्ड उभे राहिले, बसले, परत उभे राहिले.

"काय झालं? अगं, मराठीत बोल!"

"ती पन्हाळ झीज नाही, मामा!" ती म्हणाली. "पात्याला मधे खाच असते. तिच्या दोन बाजूंना दोन कडा. आतल्या कडेवर नाहीतर बाहेरच्या कडेवर उभं राहायचं. त्यावरच सगळं आहे. हे आता सपाट आहे, यावर मी उभी पण राहू शकत नाही, घसरून जाईन. आणि दाते! दाते बर्फात रोवून उडी मारतात!" आणि ती बूट छातीशी धरून रडायला लागली. लहान मूल मेलेलं पिल्लू धरतं तशी.

बर्नार्डच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी सासूबाई तिच्याजवळ बसल्या.

"पोरी, तुला तर जायचं नव्हतं ना? मग बरंच झालं की. पाती गेली, सुटलीस. रडतेस कशाला?"

ॲनिशाने मान हलवली.

"माझे आहेत ते," ती म्हणाली. "आजी, माझं दुसरं काहीच नाही. शाळेतली एक मैत्रीण नाही मला. मला पोहता येत नाही. मला कोणी विचारलं ना, तू कोण, तर मी हे दाखवते." तिने बूट पुढे केला. "नको पण आहे, आणि हे गेलं तर मी कोण आहे?"

सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी आत जाऊन पाणी आणलं. बर्नार्ड उठून वाडीत गेले आणि बराच वेळ उगाच केळीची सुकलेली पानं कापत राहिले.

शुक्रवारी जपमाळ झाल्यावर बर्नार्डनी स्वतःच जेनिफरला फोन लावला. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं. कबूल केल्याशिवाय लागणारही नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, बळीरामसकट. जेनिफर ऐकत होती. फोन मधे ठेवला होता, आम्ही चौघं भोवती. मला ॲनिशाचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता. आता जर जेनिफर म्हणाली की जाऊ दे मग, राहू दे, तर दार उघडेल. ॲनिशालाही तेच वाटत असावं. तिने सासूबाईंचा हात घट्ट धरला होता.

"बर्नार्ड," जेनिफर म्हणाली, "तू पोरांना भूमिती शिकवायचास ना? बरं झालं रिटायर झालास." मग तिने श्वास सोडला. "बूट ठीक आहेत? शिवण वगैरे? मग नवीन पाती बसवून घेऊ. माप आहे माझ्याकडे. सोमवारी दुकान उघडलं की ऑस्कर जाईल."

एवढंच. ती रागावलीही नाही. रागावली असती तर भांडता आलं असतं.

ॲनिशाने फोन उचलला. "मम्मी."

"बोल."

"मम्मी, मला रोज सकाळी पोटात गोळा येतो."

मी डोळे मिटले. मनातल्या मनात म्हटलं, देवमाते, आता तूच बघ.

"येणारच," जेनिफर म्हणाली, अगदी प्रेमाने. "सगळ्यांना येतो, बाळा. मला प्रत्येक नाईटच्या आधी येतो. वीस वर्षं झाली. लॉकरसमोर उभी राहून तीन नमो मरिया म्हणते आणि आत जाते. तूही म्हण."

ॲनिशा फोनकडे बघत राहिली. आईच्या त्या सुजलेल्या डोळ्यांकडे. तिला जे मागायचं होतं ते तिने मागितलंच नाही. मला वाटतं, त्या वेळी तिला दिसलं की ज्या खोलीतून तिला बाहेर पडायचं आहे, त्याच खोलीत आई कधीची येऊन बसली आहे, आणि तिला तर दार असतं हेच माहीत नाही.

"येते मी," ती म्हणाली. "रविवारी."

"शहाणी माझी. गुडघ्याला बर्फ लाव झोपताना."

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी तसबिरीसमोरचं फूल बदललं. बर्नार्ड पुटपुटले, "टेस्ट दे तू. मग पुढचं पुढे." ॲनिशा हो म्हणाली. टेस्ट देईन, पडले तर पडले, आणि नाही पडले तर पुढचं वर्ष. एवढंच तिला ठाऊक होतं. तिने बॅग काढली, बूट त्यात तळाशी ठेवले, त्यांच्यावर बोंबलाचं पुडकं, मसाला. मी तिचे कपडे घड्या करत होते.

"मामी, एक मागू?"

"माग."

"चार रविवारांतला एकच झालाय ना? तीन राहिलेत. परवा फादर परत माझं नाव वाचतील. मग पुढच्या रविवारी. मम्मी बसमध्ये ऐकेल. सगळे ऐकतील. तिकडे त्या बाकावर बसून मार्कांची वाट बघायची, आणि इकडे पण..." ती थांबली. "माझं नाव काढ त्यातून. आभार नको, विनंती नको, काहीच नको. कोणीच मला बघत नाहीये असं एक तरी ठिकाण असू दे."

सासूबाई दारात होत्या. त्यांनी ऐकलं. मला वाटलं त्या रागावतील, देवाला दिलेला शब्द आहे म्हणतील. त्या म्हणाल्या, "नाव नाही घेतलं तर देवाला कळनार कसं कोनासाठी ते?"

"देवाला कळेल, आई," मी म्हटलं. "फक्त जेनिफरला कळणार नाही."

त्यांनी मान डोलावली. मग वाटीत खोबरेल ओतलं, गॅसवर कोमट केलं आणि येऊन खाटेवर बसल्या. "पाय दे," त्या ॲनिशाला म्हणाल्या. तिने दोन्ही पायांकडे बघितलं आणि कुठला ते विचारलं नाही. जो जवळ होता तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

उद्या शनिवार. सकाळच्या मिस्सानंतर मला चर्चच्या ऑफिसात जायचं आहे, उरलेल्या तीन रविवारांच्या हेतूतून ॲनिशाचं नाव काढून घ्यायला.